तेंदूच्या हंगामातील नमुने: सिकलसेल अभ्यासात इंटरल्यूकिन-६ मोजताना घडलेले एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण पूर्व विदर्भातील एका ग्रामीण रुग्णालयाला जोडलेल्या छोट्या संशोधन प्रयोगशाळेतील आहे. संस्था, गावे आणि माणसे ओळखू येतील असे तपशील वगळले आहेत. त्या काळात प्रयोगशाळेची जबाबदारी माझ्याकडे होती, त्यामुळे पुढे नोंदवलेल्या चुकांपैकी बऱ्याच माझ्याच आहेत.

वैनगंगेच्या दोन्ही तीरांवरच्या पट्ट्यात सिकलसेल हा आजार कोणाला समजावून सांगावा लागत नाही. आदिवासी आणि अनुसूचित जातींतील अनेक कुटुंबांना ‘एएस पॅटर्न’ (केवळ वाहक) आणि ‘एसएस पॅटर्न’ (प्रत्यक्ष आजार असलेला) हे शब्द लग्न जुळवताना सुद्धा वापरावे लागतात. बीटा ग्लोबिनच्या साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते आणि त्यामुळे ऑक्सिजन कमी झाला की तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, हे पाठ्यपुस्तकात आहेच. मात्र रुग्णाला दवाखान्यात आणणारा वेदनांचा झटका, ज्याला इकडे सरसकट ‘क्रायसिस’ म्हणतात, तो केवळ पेशी अडकल्याने होत नाही. रक्तवाहिन्यांचे अस्तर, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट यांची सततची धुसफूस त्यात सामील असते. या धुसफुशीचा एक निदर्शक म्हणून इंटरल्यूकिन-६, म्हणजे आयएल-६, हे रोगप्रतिकार यंत्रणेतील संदेशवाहक प्रथिन मोजावे, असे आम्ही ठरवले.

अभ्यासाची मांडणी साधी होती. पहिला गट क्रायसिसमध्ये दाखल झालेल्या एसएस रुग्णांचा, दुसरा गावात बऱ्या अवस्थेत राहणाऱ्या एसएस रुग्णांचा आणि तिसरा त्याच घरांतील, सिकलसेलचा कोणताही पॅटर्न नसलेल्या भावंडांचा. पहिल्या गटाचे रक्त रुग्णालयात घेतले जाई. उरलेल्या दोन गटांसाठी गावोगावी शिबिरे घ्यायची होती. नैतिकता समितीची मंजुरी आणि मराठीतील संमतिपत्र तयार होते, आणि गोंडी बोलणाऱ्या घरांमध्ये समजावून सांगण्यासाठी आशाताई सोबत होत्या. निधी मंजूर व्हायला उशीर झाला आणि शिबिरे मे महिन्यात आली.

मे महिना म्हणजे इकडे तेंदूपत्त्याचा हंगाम. माणसे पहाटे अंधारात जंगलात जातात आणि उन्हे तापण्याच्या सुमारास पाने घेऊन परततात. मग घरोघरी पुडे बांधण्याचे काम चालते. वर्षभराच्या रोख कमाईचा मोठा भाग या थोड्या दिवसांत हाती येतो, त्यामुळे ‘सकाळी उपाशीपोटी शिबिराला या’ हे आमचे पत्रक वाचायलाही गावात कोणी नव्हते. रक्त घ्यायला अकरा-बारा वाजत. साध्या, म्हणजे कोणतेही रसायन नसलेल्या बल्बमध्ये रक्त घेतले जाई, शिबिर तीन-चारला आटोपे, आणि मग कधी ४० तर कधी ७० किलोमीटरचा रस्ता कापून गाडी संध्याकाळी प्रयोगशाळेत पोहोचे. बल्ब सेंट्रिफ्यूज या यंत्रात वेगाने फिरवून सिरम, म्हणजे गोठलेल्या रक्तावरचा पिवळसर द्रव, वेगळे केले जाई आणि उणे ८० अंशांच्या डीप फ्रीजरमध्ये ठेवले जाई. बल्ब कोठे ठेवले होते याचा तपशील पुढे महत्त्वाचा ठरला: लशीच्या आइसबॉक्ससारखा डबा सोबत होता, पण त्यात लघवीचे नमुने आणि पिण्याचे पाणी होते. रक्ताचे स्टँड मागच्या सीटखाली असत. बाहेर ४५ अंश तापमान होते.

अडचण

पावसाळ्याच्या सुरुवातीला तिन्ही गटांचे नमुने एकाच वेळी तपासले गेले आणि निकाल उलटा आला. गावातील बऱ्या अवस्थेतील रुग्णांचे आयएल-६ क्रायसिसमधील रुग्णांपेक्षा जास्त होते. त्यांची सिकलसेल नसलेली भावंडेही मागे नव्हती. निरोगी माणसाच्या रक्तात हे प्रथिन दर मिलिलिटरला काही थोडे पिकोग्रॅम इतकेच असते, आणि बहुतेक किट त्याला जेमतेम पकडतात. इथे मात्र सकाळी जंगलातून चालत आलेल्या, तक्रार नसलेल्या माणसांचे आकडे वॉर्डात वेदनेने तळमळणाऱ्यांच्या वर जात होते.

चमूतील एका तरुण डॉक्टरला यात शोधनिबंध दिसला. ग्रामीण भागातील लोकांमध्ये सतत सुप्त दाह असतो, जंत, हिवताप, चुलीचा धूर आणि कुपोषण यांमुळे त्यांची प्रतिकारयंत्रणा कायम जागी असते, असा त्याचा युक्तिवाद होता. हा युक्तिवाद मुळीच वेडगळ नव्हता, आणि म्हणूनच तो धोकादायक होता. मसुद्याचा पहिला परिच्छेद लिहूनही झाला होता.

पहिला संशय प्लेटवर

अनपेक्षित निकाल आला की टेक्निशियनचा हात आधी दोषी धरला जातो, आणि आमच्याकडेही तेच झाले. पद्धत सँडविच एलायझाची, म्हणजे प्रतिपिंडांच्या मदतीने प्रथिन मोजण्याची, होती. ९६ घरांच्या प्लेटच्या तळाशी चिकटवलेले प्रतिपिंड नमुन्यातील आयएल-६ पकडते, दुसरे प्रतिपिंड त्याच रेणूला वेगळ्या जागी धरते, त्याला जोडलेले पेरॉक्सिडेज विकर टीएमबी या द्रावणाला निळा रंग देते, आणि आम्ल घालून क्रिया थांबवली की पिवळा झालेला रंग ४५० नॅनोमीटरला वाचला जातो. रंगाचे पिकोग्रॅम करायला ज्ञात प्रमाणांचा वक्र लागतो, आणि तो सरळ रेषेने नव्हे, तर चार घटकांच्या लॉजिस्टिक समीकरणाने बसवावा लागतो.

प्लेटची तपासणी व्यवस्थित झाली. प्रत्येक नमुना दोन घरांत होता आणि दोन्ही वाचनांतील तफावत मर्यादेत होती. प्रमाणवक्र नीट बसला होता. उंच आलेले काही नमुने दुप्पट, चौपट, आठपट पातळ करून पुन्हा लावले तेव्हा आकडे त्याच प्रमाणात उतरले. काही नमुन्यांत मोजून शुद्ध प्रथिन मिसळले आणि किती परत मिळते ते पाहिले. साधारण ८० ते १२० टक्के ही मान्य मर्यादा मानली जाते आणि आम्ही तिच्या आत होतो. माणसाच्या रक्तात कधी कधी अशी प्रतिपिंडे असतात जी किटमधील दोन्ही प्रतिपिंडांना परस्पर जोडून खोटा रंग देतात. त्यांना अडवणारे द्रावण घालूनही निकाल बदलला नाही.

इथे थोडे विषयांतर आवश्यक आहे. किटच्या पत्रकात ‘खोलीच्या तापमानाला दोन तास ठेवा’ असे लिहिलेले असते, आणि लिहिणाऱ्याच्या मनातील खोली १८ ते २५ अंशांची असते. आमची खोली वीज गेली की अर्ध्या तासात ३५ च्या पुढे जाते. टीएमबीचा रंग अशा वेळी झपाट्याने चढतो आणि प्लेटच्या कडेची घरे मधल्या घरांपेक्षा आधी तापतात. म्हणून आम्ही प्लेट पहाटे लावत असू, आणि गटांचे नमुने प्लेटवर सरमिसळ करून मांडत असू, जेणेकरून एखादा कोपरा बिघडला तरी एकच गट बिघडू नये. ही काळजी आमच्या टेक्निशियनने स्वतःहून घेतली होती. प्लेट निर्दोष ठरली त्याचे श्रेय तिचे आहे. सिकलसेलच्या रुग्णांचे सिरम अनेकदा लालसर असते आणि हिमोग्लोबिनमध्ये स्वतःचा थोडा पेरॉक्सिडेजसारखा गुण असतो, त्यामुळे तोही संशय घेऊन झाला. परंतु धुण्याच्या पायऱ्यांमध्ये तो बहुतांशी निघून जातो, आणि भावंडांचे स्वच्छ पिवळे सिरमही उंचच येत होते.

थोडक्यात, नळीत आयएल-६ खरोखरच होते. ते माणसाच्या अंगातून नळीत आले, की नळीतच तयार झाले, हा प्रश्न प्लेट सोडवू शकत नव्हती.

साखरेचा धागा

उत्तराकडे नेणारी वस्तू दीड महिन्यापासून आमच्या टेबलावर पडून होती. शिबिरात आलेल्या प्रत्येकाला आम्ही हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन आणि साखर यांचा अहवाल देत होतो. रक्त द्यायला आलेल्या माणसाला निदान एवढे परत मिळावे, असा हेतू होता. जूनमध्ये अहवाल वाटताना एक आशाताई कागद घेऊन परत आल्या होत्या. साखरेच्या रकान्यात ५० ते ६० च्या दरम्यानचे आकडे होते. त्या म्हणाल्या, “मॅडम, साखर इतकी कमी हाय त हा मानूस दिवसभर जंगलात कसा फिरला?” मी त्यांना सांगितले की लोक उपाशी असतील, कष्टाचे काम होते, असे होऊ शकते. त्या काही बोलल्या नाहीत. हा या प्रकरणातील पहिला निर्णयाचा क्षण होता आणि तो मी दोन वाक्यांत वाया घालवला.

आयएल-६ चे कोडे न सुटता दोन आठवडे गेल्यावर टेक्निशियनने ते अहवाल पुन्हा काढले. साखर टिकवणारे फ्लोराइड नसलेल्या बल्बमध्ये रक्त न फिरवता ठेवले तर पेशी साखर खात राहतात. साधारण खोलीच्या तापमानाला दर तासाला ५ ते ७ टक्के साखर अशी उतरते, उष्णतेत हा वेग वाढतो, आणि पांढऱ्या व अपक्व तांबड्या पेशी अधिक असलेल्या सिकलसेलच्या रक्तात तो आणखी जास्त असतो. म्हणजे साखरेचा आकडा हे त्या बल्बमध्ये बसवलेले घड्याळच होते. तिने गावांची नावे अंतराच्या क्रमाने लिहिली आणि शेजारी साखर व आयएल-६ मांडले. दूरच्या गावांची साखर कमी होती आणि त्याच गावांचे आयएल-६ जास्त होते.

यातून एक स्पष्टीकरण समोर आले, की आयएल-६ विलंबाच्या काळात बल्बमध्येच तयार झाले; पण ते एकमेव नव्हते. आयएल-६ हे अनेक पेशी तयार करणारे प्रथिन आहे. १९८६ मध्ये ओसाकातील हिरानो आणि किशिमोतो यांच्या गटाने त्याचा जनुक शोधला तेव्हा ते प्रतिपिंडे बनवणाऱ्या बी-पेशींना उत्तेजन देणारा घटक म्हणून ओळखले गेले, तर यकृताच्या पेशींना चालना देणारा घटक म्हणून ज्याचा वेगळा शोध चालला होता तेही हेच प्रथिन निघाले. मोनोसाइट या पांढऱ्या पेशी ते तयार करतात आणि त्या बल्बमध्ये जिवंत असतात. पण दीर्घ श्रमानंतर स्नायूही ते रक्तात सोडतात. पहाटे तीनपासून अकरापर्यंत पाने तोडणाऱ्या माणसाचे आयएल-६ खरोखर वाढलेले असू शकते. शिवाय तरुण डॉक्टरांचा सुप्त दाहाचा युक्तिवाद अजून उभाच होता.

दाहाचा प्रश्न त्याच सिरममधून तपासता आला. आयएल-६ च्या आदेशाने यकृत सीआरपी हे दाहात वाढणारे प्रथिन तयार करते, आणि यकृत काही बल्बमध्ये नसते. शरीरात अनेक दिवस दाह चालू असता तर सीआरपीही चढलेली दिसली असती. बहुतेकांची ती चढलेली नव्हती. मात्र श्रमाचे स्पष्टीकरण यातून सुटत नाही, कारण आयएल-६ वाढल्यानंतर सीआरपी चढायला सहा ते आठ तास आणि शिखरावर पोहोचायला सुमारे दोन दिवस लागतात. सकाळी काम करून दुपारी रक्त दिलेल्या माणसाची सीआरपी दोन्ही परिस्थितींत कमीच दिसणार. साखरेचा आकडा विलंबाच्या बाजूने बोलत होता, पण श्रमाला पूर्ण वगळत नव्हता. इथून पुढे प्रयोगच करावा लागणार होता.

प्रयोग

प्रयोगशाळेतील सहा जणांनी रक्त देण्याची तयारी दाखवली. कर्मचाऱ्यांनी दिलेली संमती खरोखर मोकळी असते का हा प्रश्न नैतिकता समितीने योग्यच विचारला, म्हणून संमती घेण्याचे काम आमच्या विभागाबाहेरच्या व्यक्तीने केले. प्रत्येकाचे रक्त एकाच वेळी साध्या आणि ईडीटीएच्या, म्हणजे जांभळ्या झाकणाच्या, बल्बमध्ये घेतले. एक संच अर्ध्या तासात फिरवला. उरलेले संच तीन ठिकाणी ठेवले: वातानुकूलित खोलीत, आइसबॉक्समध्ये आणि अंगणात उन्हात उभ्या केलेल्या त्याच गाडीत, मागच्या सीटखाली. दोन, चार आणि सहा तासांनी एकेक संच फिरवण्यात आला.

गाडीतल्या साध्या बल्बमध्ये आयएल-६ चढले. पाच जणांमध्ये वाढ स्पष्ट होती, सहाव्यात जवळजवळ काहीच नव्हती, आणि त्या पाच जणांतही कोणाची थोडी तर कोणाची कितीतरी पट होती. आइसबॉक्समधील ईडीटीए बल्ब मात्र सहा तासांपर्यंत फारसे हलले नाहीत. थंडीत पेशी मंदावतात आणि ईडीटीए कॅल्शियम बांधून ठेवत असल्याने रक्त गोठत नाही, त्यामुळे गोठण्याच्या प्रक्रियेत पेशी चेतवल्या जातात तो भागही टळतो.

विचारात घेतलेले पर्याय

बैठकीत पाच मते पुढे आली. पहिले, मर्यादा म्हणून एक वाक्य लिहावे आणि निकाल आहेत तसे प्रसिद्ध करावेत. दुसरे, विलंबाच्या तासांवरून सुधारणेचा गुणक काढून आकडे दुरुस्त करावेत. हे मत सर्वांत आकर्षक होते, कारण त्यात पैसा लागत नव्हता आणि गणित प्रतिष्ठित दिसले असते. पण आमच्याच सहा जणांनी ते खोडले होते: वाढीचा वेग माणसागणिक वेगळा असेल तर सरासरी गुणकाने एकाचा आकडा सुधारतो आणि दुसऱ्याचा बिघडतो. त्यात हे सहा जण निरोगी होते, आणि सिकलसेलच्या रुग्णाच्या मोनोसाइट पेशी आधीच चेतलेल्या असतात, त्यामुळे त्यांचा गुणक आमच्याकडे नव्हताच.

तिसरे मत गावातील दोन्ही गट सोडून केवळ रुग्णालयातील रुग्णांचा अभ्यास करण्याचे होते. रुग्णांचे रक्त क्रायसिसमध्ये आणि बरे झाल्यावर फेरतपासणीच्या वेळी, असे दोनदा घ्यायचे. शास्त्रीयदृष्ट्या हे चांगले होते आणि आज मागे वळून पाहता मला तेच सर्वांत चांगले वाटते, पण फेरतपासणीला येणाऱ्यांत दूरच्या गावांचे लोक अगदीच थोडे असत. चौथे मत आयएल-६ सोडून सीआरपीवरच अभ्यास उरकण्याचे. पाचवे, गावातच रक्त फिरवून नमुने पुन्हा घेण्याचे.

पाचव्या मतावर सर्वाधिक वेळ गेला, आणि चर्चेचा मुद्दा शास्त्राचा नव्हता. एसएस पॅटर्नच्या रुग्णाचे हिमोग्लोबिन बऱ्या अवस्थेतही सात-आठच्या आसपास असते. आमच्या निष्काळजीपणामुळे त्याच्या अंगातून दुसऱ्यांदा रक्त काढणे योग्य आहे का? रक्ताचे प्रमाण शारीरिक धोक्याचे नव्हते, पण गावात रक्ताचा हिशेब मिलिलिटरमध्ये होत नाही. समितीच्या अटी अशा होत्या: पहिल्या फेरीत काय चुकले ते प्रत्येकाला त्याच्या भाषेत सांगायचे, नकार देणाऱ्याला कारण विचारायचे नाही, आणि फक्त आयएल-६ ला लागेल तेवढे, एकच लहान ईडीटीए बल्ब रक्त घ्यायचे.

केलेली कृती

सर्वांत आधी साखरेचे अहवाल मागे घेतले. हे काम अभ्यासाच्या आराखड्यात कोठेच नव्हते, तरी तेच तातडीचे होते. खोटी कमी साखर दिसल्याने कोणी घाबरले असेल हा एक भाग, पण ज्याची साखर खरोखर वाढलेली आहे तो आमच्या कागदावर निरोगी दिसत असणार, हा मोठा धोका होता. आशाताईंनी ग्लुकोमीटर घेऊन घरोघरी पुन्हा तपासणी केली. मधुमेह असलेला आणि आमच्या अहवालात सुटलेला एक गृहस्थ त्यात सापडला.

दुसरी फेरी जानेवारीत ठेवली. धान कापून झालेले असते, मोहफूल अजून पडू लागलेले नसते, आणि सकाळी माणसे घरी भेटतात. श्रमाचा प्रश्न यामुळे एका परीने बाजूला झाला, सुटला मात्र नाही. बॅटरीवर चालणारे छोटे सेंट्रिफ्यूज उपकेंद्रात किंवा अंगणवाडीत सपाट जागी ठेवले. रक्त घेतल्यापासून अर्ध्या तासात प्लाझ्मा वेगळा करून तो तीन लहान कुप्यांमध्ये वाटला, म्हणजे पुढे एकच कुपी वितळवावी लागेल आणि वारंवार वितळण्या-गोठण्याने प्रथिन बिघडणार नाही. कुप्या आइसबॉक्समध्ये गेल्या. पाणी आणि लघवीच्या नमुन्यांसाठी वेगळा डबा घेतला.

त्यानंतर एक अशी गोष्ट उघड झाली जिची आम्हांला अपेक्षा नव्हती. एकच नियम सर्व गटांना लावायचा म्हणून रुग्णालयातील क्रायसिसच्या नमुन्यांच्याही वेळा नोंदवहीतून काढल्या. रुग्णालयातले नमुने वेळेत फिरवले जातात हे आम्ही गृहीत धरले होते. प्रत्यक्षात रात्री दाखल झालेल्या रुग्णांचे बल्ब सकाळी टेक्निशियन येईपर्यंत अपघात विभागातच पडून राहत होते. काहींच्या रक्त घेण्याच्या वेळेची नोंदच नव्हती. विलंबाची मर्यादा दोन तासांची ठरवली, ज्याची वेळ माहीत नाही तो नमुना वगळायचा असेही ठरले, आणि ही छाननी आयएल-६ चे आकडे न पाहिलेल्या व्यक्तीकडून करून घेतली. आकडे समोर ठेवून मर्यादा ठरवली असती तर ती नकळत आपल्याला हव्या त्या ठिकाणी सरकली असती.

निष्पत्ती

दुसऱ्या फेरीला पहिल्या फेरीपेक्षा कमी लोक आले, आणि क्रायसिसच्या गटातूनही बरेच नमुने गळाले. जे उरले त्यात गावातील दोन्ही गटांचे आयएल-६ खाली आले होते, आणि भावंडांपैकी अनेकांचे तर किटच्या सर्वांत खालच्या प्रमाणाच्याही खाली होते. अशा आकड्यांना शून्य मानणे चूक आहे आणि वगळणेही चूक आहे. ‘या मर्यादेखाली’ अशीच नोंद ठेवून विश्लेषणात ते त्या स्वरूपात धरले. क्रायसिसचा गट अपेक्षेप्रमाणे वर होता, पण गटांची सरमिसळ मोठी आणि संख्या लहान होती, त्यामुळे दिशा योग्य आहे यापलीकडे काही म्हणण्याचे धाडस आम्ही केले नाही. सुप्त दाहाचा परिच्छेद मसुद्यातून गेला. तरुण डॉक्टरांनी तो स्वतः काढला आणि त्या जागी गाडीच्या प्रयोगाची माहिती लिहिली.

उन्हाळ्यातील सिरम फेकले नाही. सीआरपी, क्रिएटिनिन यांसारख्या गोष्टींना विलंबाची फारशी झळ बसत नाही. प्रत्येक कुपीवर आणि संगणकातील नोंदीवर ‘सायटोकाइन (आयएल-६ सारखी संदेशवाहक प्रथिने) तपासणीसाठी अयोग्य’ असा शेरा घातला आहे, कारण आज आम्हांला माहीत आहे ते पाच वर्षांनी डीप फ्रीजर उघडणाऱ्या विद्यार्थ्याला माहीत असेलच असे नाही.

वेगळे काय करता आले असते

शिबिरे सुरू करण्यापूर्वी गाडीचा प्रयोग एका दिवसात करता आला असता. तो न करण्यामागे एकच कारण होते: किट आले होते, निधीची मुदत संपत होती, आणि किटवरील मुदतीची तारीख जवळ येत होती. किटची निवडही घाईची होती. निरोगी माणसांचे आकडे तळाशीच असणार हे माहीत असताना अधिक संवेदनशील किट घ्यायला हवे होते, भले नमुने कमी तपासता आले असते. किटचे प्रमाण जागतिक आरोग्य संघटनेच्या ८९/५४८ या संदर्भ द्रव्याशी जोडलेले आहे का, हे आम्ही खरेदीनंतर पाहिले. सुदैवाने ते होते, नाहीतर दुसऱ्या प्रयोगशाळेच्या आकड्यांशी आमचे आकडे जुळवताही आले नसते.

निरोगी कर्मचाऱ्यांवर केलेला प्रयोग अपुरा होता. बऱ्या अवस्थेतील एसएस रुग्णांच्या तपासणीनंतर उरलेल्या रक्तावर, त्यांच्या संमतीने, तो करता आला असता, आणि सिकलसेलच्या रक्तात वाढ अधिक वेगाने होते का हे कळले असते. श्रमाचा प्रश्नही आम्ही जानेवारी निवडून टाळला. तेंदूच्या हंगामात गावातच रक्त फिरवले असते तर पाने तोडून आलेल्या माणसाचे खरे आयएल-६ किती असते हे समजले असते. सिकलसेलच्या रुग्णाने मे महिन्याच्या उन्हात ते काम करावे की नाही, हा सल्ला आम्ही दर उन्हाळ्यात देतो, आणि त्या सल्ल्यासाठी हा आकडा उपयोगी पडला असता.

सध्याच्या नमुना पत्रकावर तीन वेळांचे रकाने आहेत: सुई टोचल्याची, सेंट्रिफ्यूज सुरू केल्याची आणि कुपी गोठवल्याची. चौथा रकाना डब्यातील तापमानाचा आहे, आणि तो गाडीचालक भरतात, कारण संपूर्ण प्रवासात डब्याच्या शेजारी तेच असतात. अहवाल घेऊन परत येणाऱ्या आशाताईंसाठीही आता एक वही आहे. त्यात त्यांची शंका त्यांच्याच शब्दांत लिहिली जाते, आणि तिचे उत्तर लेखी द्यावे लागते.